निर्वासितपण कधी संपतं?

सूतगिरणीत तिसऱ्या पाळीला रात्री दोनच्या सुमारास चहा येतो. मशीन बंद होत नाही; आम्ही आळीपाळीनं दहा-दहा मिनिटं बाहेर येतो. अंगावर रुईचा बुरा, कानात रिंगफ्रेमचा आवाज. अशाच एका रात्री जॉबरनं आमच्यातल्या एका पोराला हटकलं, "तू नक्की कुठला रं? तुझं आधार तरी खरं हाय का?" सगळे हसले. पोरगा गडचिरोली जिल्ह्यातल्या मुलचेरा तालुक्यातला. घरात बांगला बोलतो, शाळा मराठीत शिकला, अर्ज लिहायचा असला की सगळी पाळी त्याच्याकडंच जाते. पण एकदा फोनवर आईशी बोलताना कुणीतरी ऐकलं आणि तेव्हापासून त्याचं नाव पडलं बांगलादेशी.

पोरगा काही बोलला नाही. कप खाली ठेवला आणि आपल्या साइडवर निघून गेला.

मित्रांनो, त्या रात्री मीही हसलो होतो. हे लपवून पुढं काही लिहिलं तर ते लिहिणंच खोटं होईल. मी कविता लिहितो, चौदा एप्रिलला ईटच्या मिरवणुकीत घसा बसेस्तोवर घोषणा देतो, समतेवर बोलायला उभा राहिलो तर लवकर खाली बसत नाही. आणि एका माणसाला त्याच्या भाषेवरून उपरा ठरवलं तेव्हा मी दात काढले. का? जॉबरच्या हातात माझी हजेरी होती म्हणून? की हसणाऱ्यांत उभं राहिलं की आपल्यावर कुणी हसत नाही म्हणून?

पाळी सुटल्यावर मी त्याच्याबरोबर चालत निघालो. माफी मागायची होती, जमत नव्हती. तोच बोलला. "माझा आजा नमशूद्र. खुलन्याकडचा. तुमच्या बाबासाहेबांना आमच्याच माणसांनी निवडून दिलं होतं. तुला माहीत आहे का?"

मला अर्धवट माहीत होतं. मी सातवीनंतर शाळेत गेलेलो नाही. जे वाचलं ते सुट्टीच्या दिवशी, हाताला लागेल तसं. त्यानंतरचे दोन-तीन रविवार मी यावरच वाचत बसलो.

१९४६ साली घटना समितीत जायला बाबासाहेबांना मुंबईतून वाट नव्हती. बंगालच्या विधिमंडळातून ते निवडून गेले आणि त्यासाठी झटले ते जोगेंद्रनाथ मंडल, नमशूद्र समाजाचे पुढारी. फाळणीत ती जागा गेली, बाबासाहेब पुढं मुंबईतून आले. मंडल पाकिस्तानात राहिले. १९४७ साली दोन नवे देश झाले आणि दोन्ही देशांचे पहिले कायदामंत्री अस्पृश्यांच्या घरात जन्मलेले होते. हे आपल्या पोरांना शाळेत कुणी सांगत नाही. मंडलांना वाटलं होतं, पूर्व बंगालातला मुसलमान आणि नमशूद्र दोघंही शेतात राबणारे, दोघांचं जमेल. जमलं नाही. १९५० च्या दंगली झाल्या, त्याच वर्षी ऑक्टोबरात त्यांनी राजीनामा दिला आणि मंत्रिपदावर बसलेला तो माणूस भारतात आला.

त्यांच्यामागं राहिलेल्या माणसांचं काय झालं? ज्यांच्याकडं पैसा, नातीगोती, शिक्षण होतं ते सवर्ण आधी आले आणि कलकत्त्याच्या आसपास वसले. मागून आले ते बहुतेक नमशूद्र शेतकरी. त्यांना छावण्यांत ठेवलं, आणि मग बंगालबाहेर काढलं. १९५८ साली दंडकारण्य प्रकल्प सुरू झाला, त्या वेळच्या ओरिसातलं कोरापूट-मलकानगिरी आणि मध्य प्रदेशातलं बस्तर. होडी, मासा आणि भात ओळखणारी माणसं खडकाळ रानात नेऊन सोडली. गावांना नावंसुद्धा नाहीत, नंबर दिले. मलकानगिरीत एम. व्ही. अमुक, परलकोटात पी. व्ही. तमुक. आपल्याकडं जुन्या चांदा जिल्ह्यातही त्यांच्या वसाहती झाल्या. ती गावं आज चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांत आहेत. आणि हे रान काही रिकामं पडलेलं नव्हतं. ते गोंड-माडियांचं होतं. एका उठवलेल्या माणसाला बसवायला दुसऱ्याचं रान घेतलं, आणि विचारलं दोघांनाही नाही.

१९७८ साली दंडकारण्यातले हजारो लोक उठले आणि सुंदरबनातल्या मरिचझापी बेटावर जाऊन राहिले. आपल्या हातानं बांध घातले, शाळा काढली, दवाखाना काढला. कुणाकडं भीक मागितली नाही. जानेवारी १९७९ मध्ये सरकारनं बेटाची नाकेबंदी केली, अन्नपाणी तोडलं. मे महिन्यात झोपड्या जाळून माणसं हुसकून लावली. सरकार डाव्या आघाडीचं होतं, आणि हेच डावे विरोधात असताना या निर्वासितांसाठी भांडले होते. किती मेले? सरकारचा आकडा आणि जगल्या-वाचलेल्यांचा आकडा यांचा आजही मेळ बसत नाही. उरलेल्यांतल्या बहुतेकांना परत दंडकारण्यात धाडलं.

सरकारी फायलीत या सगळ्याला पुनर्वसन म्हणतात. फाइल बंद झालेली आहे. पण नमशूद्र बंगालात अनुसूचित जातीत येतो, महाराष्ट्राच्या यादीत येत नाही. म्हणजे जात बरोबर आली, जातीचा दाखला मागंच राहिला. आजा आला, बाप इथं जन्मला, नातू इथं जन्मला, आणि रात्री दोन वाजता चहा पिताना नातू बांगलादेशी ठरतो. तेव्हा माझा प्रश्न एवढाच आहे. माणसाचं निर्वासितपण कधी संपतं? आणि ते संपलं असं म्हणायचा हक्क कुणाचा?

हा प्रश्न जगालाही पडलेला आहे. संयुक्त राष्ट्रांची निर्वासितांसाठीची संस्था १९५० च्या अखेरीस स्थापन झाली, १९५१ साली जिनिव्हात करार झाला. तो करार १ जानेवारी १९५१ च्या आधीच्या घटनांपुरता होता, डोळ्यांपुढं माणसं युरोपातली होती. ही अट १९६७ साली निघाली. भारतानं त्या करारावर अजून सही केलेली नाही. त्या संस्थेच्या भाषेत ‘कायमस्वरूपी तोडगा’ म्हणजे तीन वाटा. एक, आपल्या देशी परत जा. दोन, जिथं आलास तिथंच रुज. तीन, तिसऱ्याच देशात जा. या तिन्ही वाटा आग्नेय आशियात चालून पाहिल्या गेल्या, म्हणून तिकडं बघावं लागतं.

१९७५ साली व्हिएतनाम, लाओस, कंबोडियात राजवटी बदलल्या आणि माणसं निघाली. पुढच्या वीस वर्षांत तीस लाखांवर. होड्यांतून आलेल्यांना शेजारचे देश किनाऱ्यावरून परत समुद्रात ढकलू लागले. जुलै १९७९ मध्ये जिनिव्हात परिषद भरली आणि एक सौदा झाला. शेजाऱ्यांनी तात्पुरतं उतरू द्यायचं. अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, फ्रान्स यांनी पुढं घेऊन जायचं. लाखो माणसं गेली, जगली, त्यांची पोरं शिकली. याची टर उडवायचं काही कारण नाही. समुद्रात मरणारी माणसं त्यानं वाचली. पण दहा वर्षांत घेणारे थकले. जून १९८९ च्या दुसऱ्या परिषदेत ठरलं की ठराविक तारखेनंतर आलेल्याला आधी चाळायचं, खरा निर्वासित की पोटासाठी आलेला. चाळणीतून खाली पडलेले व्हिएतनामी परत गेले, एक लाखाहून जास्त. हाँगकाँगमध्ये काहींना पोलिसांनी उचलून विमानात घातलं.

पोटासाठी आलेला म्हणजे खोटा! आमच्या ईटकडून ऊसतोडीला जाणारी माणसं दिवाळीच्या पुढं-मागं ट्रॅक्टरवर भांडीकुंडी, शेळी आणि लेकरं घालून निघतात. त्यांना विचारा, पोट कुठं संपतं आणि जुलूम कुठं सुरू होतो. जमीन नाही म्हणून जातात. जमीन का नाही, हे विचारलं की सगळा इतिहास बाहेर येतो.

कंबोडियाचे लोक थायलंडच्या सीमेवरच्या छावण्यांत होते. १९९२-९३ मध्ये त्यांतले साडेतीन लाखांवर परत नेले. आधी सांगितलं, कुटुंबाला दोन हेक्टर जमीन देऊ. जमीन शोधायला गेले तर पुरेना, आणि होती तिच्यात सुरुंग पेरलेले. मग बहुतेकांनी थोडी रोख रक्कम आणि धान्य घेतलं. माणूस परत आला, जमीन आली नाही.

आणि रोहिंग्या. म्यानमारच्या अराकानातले मुसलमान. १९७८ साली दोन लाखांवर माणसं बांगलादेशात पळाली. करार झाला, परत पाठवली. परत जाण्याआधी छावण्यांत हजारो जण दगावले, कारण शिधा अपुरा होता. १९८२ साली म्यानमारनं नागरिकत्वाचा नवा कायदा केला. मान्य केलेल्या जमातींत रोहिंग्या हे नाव नाही. १९९१-९२ मध्ये पुन्हा अडीच लाख पळाले. पुन्हा करार, पुन्हा परत पाठवणी. ऑगस्ट २०१७ मध्ये लष्करानं गावंच्या गावं जाळली आणि सात लाखांवर माणसं नाफ नदी ओलांडून कॉक्सबाजारच्या टेकड्यांवर आली. पुन्हा करार. नोव्हेंबर २०१८ मध्ये आणि ऑगस्ट २०१९ मध्ये परत न्यायला गाड्या तयार ठेवल्या. एकही माणूस चढला नाही. त्यांना घराची ओढ नव्हती का? होती. पण दोनदा परत जाऊन तिसऱ्यांदा पळालेली ती माणसं. त्यांचं म्हणणं होतं, आधी आम्ही तिथले नागरिक आहोत हे सांगा, मग गाडीत बसतो. निरक्षर म्हातारीला जे कळत होतं ते करार लिहिणाऱ्यांनी दोनदा वगळलं होतं.

मागं ईटच्या विहारात बैठकीत मी हे मांडत होतो तेव्हा एक कार्यकर्ता उसळला. "ते बर्मातले, ते मुसलमान. हितं आपल्या वस्तीला स्मशानाची जागा मिळंना, आन् तू कुठं अराकानात निघालास?"

प्रश्न रास्त आहे. उत्तर द्यायलाच पाहिजे.

अराकान आपल्यापासून लांब नाही. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात बाबासाहेबांना ज्यांनी दीक्षा दिली ते भदंत चंद्रमणी महास्थवीर जन्मानं अराकानातल्या अक्याबचे. त्या शहराला आता सितवे म्हणतात. २०१२ साली त्याच सितवेत दंगल पेटली आणि तिथल्या रोहिंग्यांना शहराबाहेरच्या छावण्यांत कोंडलं, त्या भागात मिळून एक लाखावर माणसं. वस्तीबाहेर, मित्रांनो. पहाऱ्यात. आणि धर्म बुडतोय म्हणून ओरडणाऱ्यांत चीवर घातलेले भिक्खू होते. त्याच देशात २००७ साली हजारो भिक्खू लष्कराविरुद्ध रस्त्यावर उतरले होते, हेही खरं आहे. दोन्ही खरं आहे. डिसेंबर १९५४ मध्ये बाबासाहेब बौद्ध परिषदेसाठी रंगूनला गेले, तो हाच देश. जिथल्या भिक्खूच्या तोंडून आपण शरण जायला शिकलो, तिथलाच माणूस आज शरणार्थी आहे. शब्द एकच आहे.

हिंदूंच्या गावकुसावर बोलायचं आणि बौद्धांनी घातलेल्या कुंपणावर गप्प बसायचं, हे मला जमणार नाही. आपल्या देशात २०१९ चा नागरिकत्व दुरुस्ती कायदा तीन देशांतून आलेल्यांना धर्म विचारतो. त्या यादीत बौद्ध आहे, मुसलमान नाही. आणि त्या तीन देशांत म्यानमार नाही. आपलं नाव यादीत आहे म्हणून खूश व्हायचं असेल तर आधी यादी कुणी केली ते बघा. नावं घालणाऱ्याला नावं काढताही येतात.

आता घरातली गोष्ट. २७ जुलै १९७८ ला विधिमंडळानं नामांतराचा ठराव केला आणि मराठवाड्यात आपल्या वस्त्या पेटल्या. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीत पोचिराम कांबळेंना मारलं. माझी आजी, म्हणजे आईची आई, तेव्हा पोटुशी होती. पोटात माझी आई. रात्रीतून घर सोडलं, उसाच्या फडात लपली, मग पंधरा दिवस सोयऱ्याकडं काढले आणि त्याच गावात परत आली. पत्रे मिळाले, थोडी मदत मिळाली, काही दिवस पोलिस बसले. लहानपणी मी विचारायचो, "आजी, तू माघारी कशाला गेलीस?" ती म्हणायची, "दुसरीकडं कुठं जायाचं बाबा? तिथल्या निदान वाटा तरी ठाव हुत्या."

जुनी माणसं सांगतात, त्याआधी आजीच्या तोंडाला सगळं गाव भ्यायचं. कुणी वाकडं बोललं तर ती भर पेठेत त्याचं सात पिढ्यांचं बाहेर काढायची. परत आल्यावर तिनं कुणाला उलट उत्तर दिलं नाही. शिवी ऐकायची, पदर सावरायची, निघून यायची. १४ जानेवारी १९९४ ला विद्यापीठाला नाव मिळालं, वस्तीत दिवे लागले. आजीनंही दिवा लावला. पण तिचं तोंड तिला परत मिळालं नाही. सरकारच्या तिन्ही-चारी कागदांवर ती परतलेली, वसलेली बाई होती.

बाबासाहेबांनी हे फार आधी ओळखलं होतं. १९४२ च्या नागपूर परिषदेत अस्पृश्यांच्या स्वतंत्र गावांची मागणी झाली. १९४७ च्या ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’ मध्ये त्यांनी ती घटनेत घालायची म्हणून मांडली. मान्य झाली नाही. त्याच वर्षी डिसेंबरात त्यांनी नेहरूंना पत्र लिहून कळवलं की पाकिस्तानातल्या अस्पृश्यांना भारतात येऊ देत नाहीत, त्यांची कामं अत्यावश्यक सेवा म्हणून त्यांना अडवलंय. झाडू मारणाऱ्याला पळून जायचाही हक्क नव्हता. शेवटी हाती लागलं ते नागरिकत्व आणि मत. आणि १९५६ साली आपण घर न हलवता धर्माच्या हद्दीबाहेर पडलो. गाव तेच राहिलं, पण त्याच गावात ताठ उभं राहायला पाय मिळाले.

या सगळ्यातून मला जे कळलं ते साधं आहे. तोडगा कायमचा झाला का, हे तपासायला तीन गोष्टी विचाराव्यात. त्या माणसाला विचारून झाला का? मरिचझापीला विचारलं नव्हतं, माडियांना विचारलं नव्हतं. त्याच्या हातात नागरिकत्वाचा कागद आहे का? रोहिंग्यांच्या हातात नव्हता, म्हणून परतीचे करार वाहून गेले. आणि तिसरी गोष्ट, त्याला उलट उत्तर देता येतं का? कुणी "तू कुठला" म्हणून हटकलं तर "तू कोण विचारणारा" असं न भिता म्हणता येतं का?

पहिल्या दोन गोष्टी जिनिव्हा आणि दिल्ली देऊ शकतात, आणि त्या त्यांच्याकडून भांडून घ्यायला पाहिजेत. तिसरी त्यांच्या हातात नाही. ती शेजाऱ्याच्या हातात आहे. मुलचेऱ्याच्या पोराकडं कागद सगळे आहेत. तरी त्या रात्री तो बोलू शकला नाही, कारण आम्ही सगळे हसलो. त्याचं पुनर्वसन तिथं अडलेलं होतं, आमच्या चहाच्या कपापाशी.

कुणी म्हणेल, आपल्याच हाताला काम नाही, बाहेरचे आले तर आपण काय खायचं? गिरणीतलं मला कळतं ते सांगतो. ठेकेदाराला भ्यालेला माणूस लागतो. ज्याला "पोलिसाला सांगू का" एवढं म्हटलं की तो चार तास जास्त राबतो, तो माणूस माझी मजुरी पाडतो; आणि त्याचं भय जाईल त्या दिवशी माझीही मजुरी वाढेल. तेव्हा तो निर्भय होणं यात माझ्या भाकरीचाही हिशेब आहे.

पुढच्या आठवड्यात जॉबरनं पुन्हा तोच विनोद केला. मी म्हणालो, "त्याचा आजा साठ वर्षांपूर्वी ह्या राज्यात आला. तुमचा कधी आला ते सांगा, मग बघू." कुणी हसलं नाही. त्या महिन्यात मला ओव्हरटाइम मिळाला नाही. मला वाटलं, चला, आपण काहीतरी केलं.

सकाळी गेटवर तो पोरगा भेटला. म्हणाला, "तू बोललास, चांगलं केलंस. पण ते मला बोलायचं होतं."

मी त्यावर काय बोलणार? आजीच्या वतीनं कितीही पुढाऱ्यांनी भाषणं केली तरी तिचं तोंड तिला मिळालं नव्हतं. दुसऱ्यासाठी बोलणं आणि दुसऱ्याला बोलायला जागा करणं, यातली पहिली गोष्ट मला जमली. दुसरी कशी करायची ते अजून शिकतोय. या अंकाच्या वाचकांत गिरणीतले, ऊसतोडीतले, वसतिगृहातले कार्यकर्ते आहेत. तुमच्या पाळीला, तुमच्या खोलीत, तुमच्या गावात असा कुणी असेलच. त्याला विचारा आणि लिहून कळवा. मुलचेऱ्याच्या पोराला मी सांगितलंय, पुढच्या अंकासाठी तू लिही. बांगलात लिही, मराठीत लिही, आम्ही स्टेन्सिल कापू. तो हो म्हणालेला नाही अजून. नाहीही म्हणालेला नाही.

जय भीम.